ताम्रपटावरचा तांबडा थर

दुसऱ्या पुलकेशीचा भाऊ विष्णुवर्धन याचा साताऱ्याचा ताम्रपट सातव्या शतकातला. मिरजेचा, चालुक्य जयसिंहाचा, १०२४चा. जुन्या तांब्यावर हिरव्या गंजाखाली तांबडा थर धरतो. तो क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे अर्धवाहक. प्रकाश पडताच त्यातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो, पण मागे उरलेली पोकळी त्याला ओढून धरते. या बांधलेल्या जोडीचे नाव एक्सिटॉन.

कल्पना फ्रेंकेल यांची, १९३१ची. १९५२ साली लेनिनग्राडमध्ये ग्रॉस व कार्येव यांनी याच ऑक्साइडच्या अतिथंड, पातळ पत्र्यातून प्रकाश सोडला, तेव्हा वर्णपटात हायड्रोजनसारखी काळ्या रेषांची मालिका उमटली.

आपल्याकडे शेतात सापडलेला पत्रा मात्र मळ समजून चिंचेने घासतात. कोरीव अक्षरांची मूळ कड पुष्कळदा त्याच तांबड्या थरात टिकलेली असते.