दीनी खेळणी घेताना: पालकांसाठी थोडी माहिती, थोडी खबरदारी

ईदची नमाज झाली, सगळ्यांची गळाभेट झाली की मुलं ईदी मोजायला बसतात. संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय खेळण्यांच्या दुकानाकडे वळलेले असतात. पूर्वी दीनी खेळणं हवं असेल तर इज्तेमाच्या बाहेरचा एखादा स्टॉल, नाहीतर उमराहून परतणारे नातेवाईक, एवढाच आधार होता. आता ऑनलाइन बाजारात आणि शहरातल्या काही दुकानांतही हिजाबवाली बाहुली, सूरह ऐकवणारा टॅब, छोटी जानमाज, अरबी अक्षरांचे ठोकळे अशा वस्तू मिळू लागल्या आहेत. पालक आनंदाने घेतात. मीही घेतलं होतं, आणि त्यातून एक धडा शिकले. तो पुढे सांगते.

प्रेषितांच्या काळातली खेळणी

"बाहुली घरात ठेवावी का?" हा प्रश्न मला शाळेतल्या पालकसभेतसुद्धा विचारतात. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत आयेशा (रजि.) यांचं कथन आहे. त्या बाहुल्यांशी खेळायच्या. प्रेषित मुहम्मद (स.) घरात आले की मैत्रिणी लाजून लपायच्या आणि प्रेषित (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवायचे.

सुनन अबू दाऊदमधली घटना तर मुलांना फार आवडते. हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत एक घोडा होता, त्याला कापडाचे दोन पंख लावलेले. घोड्याला पंख कसे, असं प्रेषितांनी (स.) विचारलं. हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का, असं उत्तर मिळालं. त्यावर प्रेषित (स.) मनापासून हसले.

तिसरा दाखला हजरत रुबैय्यि (रजि.) यांचा आहे. आशुराच्या रोजाला लहान मुलांनाही रोजा ठेवायला लावत. मूल भुकेने रडू लागलं की लोकरीचं खेळणं देऊन इफ्तारपर्यंत त्याचं मन रमवत. दीनच्या शिकवणीत खेळण्याची मदत घेणं ही आजची टूम नाही, हे यावरून कळतं.

या हदीसींच्या आधारे बहुतेक आलिमांनी मुलांच्या बाहुल्यांना सूट दिली आहे. हुबेहूब चेहऱ्याच्या आजच्या प्लास्टिकच्या बाहुल्यांबाबत मात्र काहींचं मत वेगळं आहे. मनात शंका असेल तर आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावं.

बाजारात ही खेळणी आली कशी?

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून 'रझान' ही बाहुली आली. मुस्लिम मुलींना स्वतःसारखी दिसणारी बाहुली मिळावी हा हेतू होता. तिचा बाहेरचा पोशाख वेगळा आणि घरातला वेगळा. शिक्षिका रझान आणि नमाज पढणारी रझान असे प्रकारही निघाले. २००२ मध्ये इराणमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थेने 'सारा आणि दारा' ही भावाबहिणीची जोडी आणली.

सगळ्यात गाजली ती २००३ मध्ये आलेली 'फुल्ला'. सीरियातल्या न्यूबॉय कंपनीची ही बाहुली अरब देशांतल्या नेहमीच्या दुकानांत बार्बीची जागा घेऊ लागली. अरबीत 'फुल्ल' म्हणजे आपला मोगरा. अबायाच्या आत तिचे रंगीत कपडे होते, सोबत गुलाबी जानमाज होती. तिच्या नावाच्या शाळेच्या बॅगा आणि सायकलीही विकल्या गेल्या. दीनी खेळण्यामागेही जाहिरात आणि नफा असतो, हे फुल्लाच्या निमित्ताने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ही गोष्ट फक्त मुसलमानांची नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉलमार्टने आपल्या सुमारे ४२५ दुकानांत बायबलमधल्या व्यक्तींची खेळणी ठेवून पाहिली. जर्मनीच्या प्लेमोबिल कंपनीने २०१५ मध्ये मार्टिन लूथर यांची छोटी आकृती काढली, तर पहिल्या ३४ हजार आकृत्या तीन दिवसांत संपल्या. आपल्याकडेही मंत्र म्हणणारे मऊ गणपती आणि बाळकृष्ण मिळतात. आपल्या मुलांच्या हातात आपल्या घरातलं काहीतरी असावं, असं प्रत्येक आईबापाला वाटतं.

२०१७ मध्ये मॅटेल कंपनीने हिजाब घातलेली पहिली बार्बी जाहीर केली. ती इब्तिहाज मुहम्मद या अमेरिकन तलवारबाज खेळाडूवर बेतलेली होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्यपदक जिंकणाऱ्या त्या संघात इब्तिहाज होत्या. त्या हिजाब घालूनच खेळल्या.

याच कंपनीच्या एका बोलक्या बाहुलीवर २००८ मध्ये वेगळीच वेळ आली होती. ती बाहुली इस्लामची स्तुती करते, अशी ओरड अमेरिकेत झाली आणि काही दुकानांनी ती काढून टाकली. तिच्या आवाजात 'मामा' एवढाच शब्द असून बाकी बाळाचे हुंकार आहेत, असा कंपनीचा खुलासा होता. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याला ऐकू आलं. आपल्या मोबाइलवरही "या खेळण्यात दीनचा अपमान आहे" असे व्हिडिओ फिरतात. पुढे पाठवण्याआधी ही घटना आठवावी.

माझा धडा

माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला सूरह ऐकवणारा एक टॅब घेऊन दिला. बटण दाबलं की आवाज येई, ती मागून म्हणे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मला समाधान वाटायचं. काही महिन्यांनी मकतबच्या हाफिजसाहेबांनी तिची सूरह इखलास ऐकली आणि थांबवलं. ती मोठ्या काफच्या जागी छोटा काफ म्हणत होती. मराठीत दोन्ही 'क'च. अरबीत पहिल्याने 'कुल' म्हणजे 'सांगा', दुसऱ्याने 'खा'. त्या टॅबच्या स्वस्त स्पीकरमधून फरक कळतच नव्हता, आणि मी शिक्षिका असून एकदाही शेजारी बसून ऐकलं नव्हतं. जिभेवर बसलेलं काढायला तिला आणि हाफिजसाहेबांना बरेच दिवस लागले. चूक खेळण्याची होती, पण जास्त माझीच.

घेण्याआधी हे पाहा

१. उच्चार: बोलणारं खेळणं असेल तर दुकानातच चालू करून ऐका. ऑनलाइन घेतलं तर घरी आल्यावर एखाद्या कारीला ऐकवा. पटलं नाही तर परत करा.

२. आयतींचा अदब: आयत किंवा अल्लाहचं नाव छापलेलं खेळणं पायाखाली येणार, तोंडात जाणार, शेवटी कचऱ्यात पडणार. लहान मुलांसाठी नुसती अक्षरं, चंद्र-तारा, मशिदीची आकृती असलेलं घ्या.

३. आयएसआय चिन्ह: १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून हे चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो. खोक्यावर चंद्र-तारा आहे म्हणून ही तपासणी सोडू नका.

४. बटण सेल: बोलक्या खेळण्यांत, चमकणाऱ्या कंदिलांत चपटे गोल सेल असतात. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत जखम होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, लगेच दवाखाना गाठा.

५. वय: तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे मणी, छोटे तुकडे असलेलं खेळणं नको. खेळण्यातली तस्बीहही यात आली.

६. किंमत: 'इस्लामिक' शब्दासाठी दुप्पट पैसे देऊ नका. सावंतवाडीचे किंवा कुठलेही साधे लाकडी ठोकळे घ्या. मुलं त्यांचीच मशीद बांधतात, मिनार पडला की पुन्हा उभा करतात.

घरी आणल्यावर

खेळणं आणलं की पहिले काही दिवस रोज दहा मिनिटं मुलासोबत बसा. ते काय ऐकतंय, काय म्हणतंय, बाहुलीला काय शिकवतंय ते पाहा. बाहुलीला नमाज शिकवताना मूल आपलीच नक्कल करतं. आपण घाईघाईत सजदा करत असू, तर बाहुलीचाही सजदा घाईचाच होतो.

माझी मुलगी आता मोठी झाली. तो टॅब बंद पडला, पण फेकलेला नाही. धाकट्याने तसलाच हवा म्हणून हट्ट धरला तेव्हा तिनेच त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आधी माझ्या मागून म्हण. मोठा काफ, घशातून."