शेअर बाजार आपटला आणि राणीचं म्युझियम अडकलं

शाळेच्या सहलीत राणीच्या बागेत आपण वसई-विरारकर सगळेच जाऊन आलोय. दादरला गाडी बदलायची, भायखळ्याला उतरायचं, हत्ती बघायचा. बाजूची ती जुनी देखणी इमारत मात्र बऱ्याच जणांची राहूनच जाते. डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम. आजचा किस्सा तिच्या पैशांचा.

हे म्युझियम मुळात व्यापाराचं प्रदर्शन. १८५५ ला पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात आपल्याकडच्या मालाचे नमुने गेले, आणि तसेच नमुने मुंबईतही मांडले गेले. इथे काय पिकतं, काय बनतं हे व्यापाऱ्याला एका जागी दिसावं म्हणून. १८५७ चा उठाव झाला, फोर्टातली बराक सैन्याला हवी झाली आणि तो संग्रह चक्क बाहेर काढून टाकला!

मग डॉ. जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी नव्या इमारतीसाठी वर्गणी उभी केली. १८६२ ला गव्हर्नर फ्रियरने पायाभरणी केली. वेळ तर एकदम भारी होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, त्यामुळे मुंबईत नुसता पैसा. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला.

१८६५ ला युद्ध संपलं. कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली, आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नानाही गेले. म्युझियमचा निधी आटला, काम रखडलं.

मला विचाराल तर, व्यापाऱ्यांना या प्रदर्शनाची गरज कधी नव्हतीच. कापसाचा दलाल कापूस काचेच्या कपाटात कशाला बघायला जाईल? राणीचं नाव, गव्हर्नरची मर्जी आणि खिशात खुळखुळणारा पैसा, म्हणून वर्गणी निघाली. शेवटी सरकारनेच पैसे घातले, तेव्हा कुठे २ मे १८७२ ला दारं उघडली.

आणि ती बॅक बे कंपनी? ती बुडाली. पण तिने भराव टाकलेल्या किनाऱ्याच्या पट्टीवरून पुढे रेल्वे गेली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून पहिली लोकल सुटली, तिच्या शेवटच्या स्टेशनचं नाव होतं बॅक बे.