चव्वेचाळीस, चाळीस आणि आठ

माझ्या विक्रोळीच्या घरापासून पवईची आय. आय. टी. फार दूर नाहीं. 1986 सालीं भारतांत ‘एर्नेट’ हें संगणकजाळें उभारण्यास आरंभ झाला, तेव्हां ही संस्था आणि जुहूचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या दोहोंचा त्यांत भाग होता. परंतु त्यापूर्वींच अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्यानें एक धडा फार महाग किंमत देऊन घेतला होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

1969 सालीं सुरू झालेल्या या जाळ्यांत निरोपांना वाट दाखविणारीं यंत्रें नाक्यानाक्यावर असत. 1979 पासून प्रत्येक यंत्र आपल्या तारांवर किती खोळंबा होतो तें इतर सर्वांस कळवी, व त्यावरून जो तो वाट ठरवी. ताजी वार्ता ओळखतां यावी म्हणून तिजवर 0 ते 63 पैकीं अनुक्रमांक असे. 63 नंतर पुन्हां 0. घड्याळाच्या तबकडीप्रमाणें अर्ध्या फेरीपर्यंत पुढें असलेला अंक नवा मानीत. अंतर बरोबर अर्धें असल्यास मोठा अंक नवा.

27 ऑक्टोबर 1980 रोजीं सगळें जाळें कित्येक तास ठप्प झालें. यंत्रें राबत होतीं, पण निरोप हलेना. तज्ज्ञांनीं यंत्रांच्या स्मृतीची नक्कल काढून वाचली. तींत 50 क्रमांकाच्या यंत्राच्याच वार्ता खच्चून भरलेल्या, आणि त्यांवर तीनच अंक : 44, 40, 8. द्विमान पद्धतीनें 44 म्हणजे 101100. त्यांतील एक 1 गळाला कीं 101000, म्हणजे 40. आणखी एक गळाला कीं 001000, म्हणजे 8. बिघडलेल्या यंत्राच्या स्मृतींत हे अंक गळाले, असें निदान झालें. दोष यंत्राच्या पोटांत असल्यामुळें तारेवरील तपासणींत तो सांपडला नाहीं.

आतां गंमत पाहा. 40 हून 44 नवा, 44 हून 8 नवा, आणि 8 हून पुन्हां 40 नवा! प्रत्येक वार्ता दुसरीस शिळी ठरवून पुढें धांवे. या फेऱ्यास अंतच नव्हता. शेवटीं त्या यंत्राची वार्ता मानूं नये अशी सूचना एकेका यंत्रांत घालावी लागली.

1989 सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ओ. एस. पी. एफ.’ या नियमावलींत प्रत्येक वार्तेस वयोमर्यादा होती, व शुद्धतेची खूणहि तिच्याबरोबरच राही. वर्गांत उठलेली कंडी उठविणारा गप्प बसला तरी फिरतच राहते, हें मीं शाळेंत पुष्कळदां पाहिलें आहे. ‘ताजी कोणती’ एवढेंच विचारून भागत नाहीं. ‘खरी कोणती’ हेंहि विचारावें लागतें. माणसांना जें कळतें, तें यंत्रांना शिकवावें लागलें.