क्रीडा संग्राह्य वस्तूंचे त्रयस्थ प्रमाणीकरण व प्रतवारी

खेळाशी संबंधित जुनी वस्तू अस्सल आहे की नाही आणि ती कोणत्या स्थितीत आहे, याविषयी खरेदीदार व विक्रेता यांच्याखेरीज तिसऱ्या संस्थेने शुल्क घेऊन दिलेल्या अभिप्रायास त्रयस्थ प्रमाणीकरण व प्रतवारी असे म्हणतात. खेळाडूंची छापील कार्डे, स्वाक्षऱ्या, चेंडू आणि गणवेश यांच्या व्यापारात ही पद्धत रूढ आहे. तिचा विस्तार प्रामुख्याने अमेरिकेतील बेसबॉल कार्डांच्या बाजारपेठेतून झाला.

कार्यपद्धती

प्रतवारी करताना कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीच्या समासांचा समतोल तपासला जातो. १९९१ साली स्थापन झालेली प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर अर्थात पीएसए ही संस्था १ ते १० अशी श्रेणी देते. तपासलेले कार्ड प्रमाणपत्र क्रमांकासह पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणात बंद केले जाते. कडा कापलेली किंवा रंग भरलेली कार्डे सामान्यतः अंकांतील श्रेणीस अपात्र ठरतात. स्वाक्षरीची तुलना अस्सल नमुन्यांशी केली जाते, तर गणवेश सामन्याच्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले जातात.

वॅग्नर कार्ड प्रकरण

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून दिलेल्या टी२०६ मालिकेतील होनस वॅग्नर यांचे कार्ड अतिशय दुर्मीळ आहे. त्याची एक प्रत १९९१ साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी सदबीजच्या लिलावात ४,५१,००० डॉलरना घेतली. पीएसएने प्रतवारी केलेले हे पहिले कार्ड असून त्याला ८ ही श्रेणी मिळाली. २००७ साली ते २८ लाख डॉलरना विकले गेले. कार्डाच्या कडा कापल्याचा संशय अनेक वर्षे व्यक्त होत होता. अखेर २०१३ साली लिलावकर्ते बिल मास्ट्रो यांनी फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल करताना, आपणच ते कापल्याचे मान्य केले. २०१५ साली त्यांना २० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

मर्यादा

श्रेणी हे तज्ज्ञांचे मत असते. त्यामुळे एकाच वस्तूला दोन तपासण्यांत वेगवेगळी श्रेणी मिळू शकते. शुल्क बहुधा वस्तूचा मालक भरत असल्याने हितसंबंधांचा प्रश्नही उपस्थित होतो. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने सुरू केलेल्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात बनावट स्वाक्षऱ्यांचा मोठा व्यापार उघडकीस आला. मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून साक्षीदारासमक्ष वस्तूंवर होलोग्राम लावण्याची पद्धत सुरू केली. मात्र त्यापूर्वीच्या वस्तूंसाठी असा साक्षीदार उपलब्ध नसल्याने तज्ज्ञांच्या अभिप्रायावरच मुख्यतः अवलंबून राहावे लागते.