क्रोशाचे पोलके : घरबसल्या मजुरीचा इतिहास



उन्हाळ्याचे दिवस आहेत. कोणत्याही कापडपेठेत गेलात तर दुकानांच्या दारात पांढऱ्या सुताच्या जाळीचे, हवेशीर असे बायकांचे टॉप टांगलेले दिसतील. आमच्या आईच्या पिढीने त्याला क्रोशाचे पोलके म्हटले असते. नाव बदलले, वीण तीच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आमच्या एका सहकाऱ्याने, आता युनियनच्या कचेरीत विणकामाचे वर्ग काढणार काय, असे विचारले. वर्ग काढण्याची आमची पात्रता नाही. आम्हांला साधी साखळीसुद्धा धड घालता येत नाही. परंतु तीस वर्षे मजुरीचे हिशेब पाहण्यात गेली, आणि या जाळीच्या पोलक्यात मजुरीचा एक हिशेब असा गुंतला आहे, की तो दीडशे वर्षांत सुटलेला नाही. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो, ती बहुतेकांना ठाऊक नसते. खरे क्रोशाचे काम करणारे यंत्र आजतागायत बाजारात आलेले नाही. प्रयोगशाळांतून कोणी खटपट केली असेल, पण ज्यावर कारखाना चालावा असे यंत्र नाही. कापड विणणारे साचे आले, मोजे विणणारी यंत्रे आली, भरतकामाची आली. तेव्हा दुकानात टांगलेले पोलके खरोखरीचे क्रोशाचे असेल, तर ते कोणत्या तरी बाईच्या हातांतूनच गेले आहे, मग त्याची किंमत दोनशे रुपये असो की दोन हजार.

असे का, हे समजून घेणे अवघड नाही. दोन सुयांच्या विणकामात सगळ्या टाक्यांचे फास एकाच वेळी सुईवर उघडे राहतात. प्रत्येक फासाला एक सुई दिली आणि सगळ्या सुया एकदम हलविल्या की यंत्र झाले. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या गृहस्थाने असे मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली केले. क्रोशाची रीत उलटी आहे. येथे आकडी एक, आणि तिच्यावर फासही एखाददुसराच. एक टाका पुरा मिटवून टाकल्यावरच पुढचा सुरू होतो, आणि तो सुरू करण्यासाठी आकडी मागच्या विणीत कोठे घुसवायची हे दर वेळी ठरवावे लागते. ते डोळ्याने पाहून आणि बोटाने चाचपून ठरते. एका बाईचे ते काम शंभर सुयांत वाटून देता येत नाही.

ज्या भगिनींनी तोरणे, रुमाल आणि उशीच्या अभ्र्यांच्या लेसा केल्या आहेत त्यांना हे आम्ही सांगावयास नको. साखळी, मुका खांब, खांब, दोन वेढ्यांचा खांब. एवढ्या चार अक्षरांवर ही सारी बाराखडी चालते. उन्हाळी पोलके हलके व्हावे म्हणून खांब थोडे ठेवतात आणि साखळ्यांच्या कमानी जास्त टाकतात. सूत बारीक घेतात. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, म्हणून जाळी फार सैल केली तर पोलके आपल्याच भाराने लोंबते; त्यासाठी खांद्यापाशी आणि मुंढ्याशी वीण दाट धरावी लागते. काम संपले की ते धुऊन, टाचण्या लावून, मापात ताणून वाळवावयाचे. ऐकावयास सोपे वाटते. परंतु सूत जितके बारीक तितके टाके अधिक, आणि टाके अधिक म्हणजे तास अधिक. अंगावर जे वजनाने सर्वांत हलके, ते करणाऱ्या हाताला सर्वांत जड.

क्रोशे हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ लहान आकडा. ही कला फार प्राचीन असल्याचे पुष्कळ लिहिले जाते, पण युरोपात १८०० सालापूर्वीचा भक्कम पुरावा हाती लागत नाही. छापील नमुने पहिल्यांदा दिसतात ते १८२३ साली, एका डच मासिकात. एक मत असे आहे की चौकटीवर कापड ताणून आकडीने साखळीचे भरतकाम करण्याची पूर्वेकडील रीत, म्हणजे आपल्या कच्छकडचे आरीकाम ज्या जातीचे तसली, अठराव्या शतकात युरोपात गेली. पुढे कोणी खालचे कापडच काढून टाकले आणि साखळी हवेत घालू लागले. मत पटण्याजोगे आहे. परंतु आपल्याकडून गेले म्हणून छाती फुगविण्यात अर्थ नाही, कारण ते परत आले कोणत्या वाटेने ही हकीकत अधिक विचार करण्यासारखी आहे.

ती वाट आयर्लंडातून जाते. १८४५ साली त्या देशात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरीब कुळे बटाट्यावरच जगत होती. धान्य पिकत होते, पण ते खंडाच्या फेडीसाठी विकावे लागे, आणि माणसे उपाशी असताना त्याच बंदरांतून धान्य बाहेर जात होते. सरकारने दुष्काळी कामे काढली, खडी फोडावयाची आणि रस्ते करावयाचे. १८४७ च्या मार्च महिन्यात अशा कामांवर सात लाखांवर माणसे होती. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून हयात आहेत. त्यांना हे चित्र निराळे सांगावे लागणार नाही. पण सरकारने ती कामे त्याच वर्षी बंद केली. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली वस्ती १८५१ मध्ये ६५ लाखांच्या आसपास आली. दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली.

या उपासमारीत क्रोशाची आकडी घरोघर पोहोचली. दक्षिणेस कॉर्क शहराजवळ ब्लॅकरॉक येथे उर्सुलाईन जोगिणींचा मठ होता. त्यांनी मुलींना हे काम शिकविले. उत्तरेस मोनाहान परगण्यातील क्लोन्स या गावी कॅसॅन्ड्रा हँड नावाच्या पाद्रीणबाईंनी १८४७ च्या सुमारास बाहेरून शिक्षिका आणवून वर्ग चालू केले. थोड्याच वर्षांत क्लोन्स हे या लेसचे मोठे केंद्र झाले. रिएगो द ला ब्रांशार्दिएर असे लांबलचक नाव असलेल्या, आयरिश आईच्या एका तरुण बाईने नमुन्यांची पुस्तके छापली. व्हेनिसच्या सुईकामाच्या लेसचा देखावा आकडीने साधला तर वेळ पुष्कळ वाचतो, हे तिच्या ध्यानी आले होते. सुईने जे करावयास महिने लागत ते आकडीने आठवड्यांवर आले. भुकेला थांबावयास वेळ नसतो, म्हणून हेच काम तेथे रुजले.

भांडवल काय? दोऱ्याचा गुंडा आणि एक आकडी. साधी शिवणाची सुई घेऊन तिच्या नेढ्याचे टोक तोडावयाचे आणि दुसरे टोक लाकडात ठोकावयाचे, की आकडी झाली. जागा म्हणजे आपलीच झोपडी. चुलीच्या धुराने लेस काळवंडे, म्हणून ती विकण्यापूर्वी धुवावी लागे. ही मदत खरी होती, ती आम्ही नाकारीत नाही. कित्येक घरांचा खंड आणि कित्येकांचे अमेरिकेच्या जहाजाचे भाडे या दोऱ्यावर निघाले. मठातील जोगिणी आणि ती पाद्रीणबाई यांच्याविषयी उणा शब्द काढण्याचे कारण नाही.

परंतु काम कसे वाटले गेले ते पाहा. एक बाई नुसते गुलाब करी, दुसरी तीन पानांची शॅमरॉक, तिसरी चाके. घराघराची फुले ठरलेली असत, आणि शेजारीण आली तर काम पदराआड जाई असे सांगतात. ही फुले गोळा करून, कापडावरच्या नमुन्यावर टाचून, मधली जाळी भरून जोडण्याचे काम निराळ्या बायकांचे. पुरे पोलके कोणत्याही एका बाईने केलेले नसे; मग ते कितीला विकले गेले हे तिला कोठून कळावे? गिरणीत निदान शेजारच्या साच्यावरच्या माणसाला, तुला काय मिळाले, असे विचारता येते. येथे शेजारीणच प्रतिस्पर्धी होऊन बसली.

या ठिकाणी थोडे आडवळण घेतो. लेसच्या धंद्यात यंत्र आलेच नाही असे नाही. इंग्लंडात जॉन हीथकोट याने १८०९ साली जाळी विणण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८१६ च्या जूनमध्ये लफबरो येथील त्याच्या कारखान्यात रात्री माणसे घुसली आणि त्यांनी ५५ यंत्रे फोडली. हीथकोटने ते गाव सोडले आणि दूर टिव्हर्टनला नवा कारखाना काढला. यंत्रे फोडून पोट भरत नाही, हे आम्ही संघटनेच्या शिबिरात नेहमी सांगतो. पण कारखान्यातला मजूर एकत्र तरी जमला होता, त्याचा राग इतिहासात नोंदला गेला. क्रोशाच्या बाईला फोडावयास यंत्र नव्हते आणि जमावयास कारखाना नव्हता. धंदा वाढला तसा तिच्यावर एकच दाब आला, तो नकलेचा. १८८० नंतर स्वित्झर्लंड आणि जर्मनीत यंत्राने भरतकाम करून खालचे कापड रसायनात विरघळवून टाकण्याची युक्ती निघाली. त्या लेसची आयरिश क्रोशासारखी दिसणारी तऱ्हा स्वस्तात विकली जाऊ लागली.

तरीही १९०० ते १९१४ या काळात पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या बायकांत आयरिश क्रोशाची पोलकी आणि झगे यांची मोठी टूम होती. उन्हाळ्यात रेशमाच्या किंवा तलम अस्तरावर घालावयाचे ते जाळीचे पोलके म्हणजे आजच्या टॉपची आजीच. पहिले महायुद्ध झाले, तऱ्हा बदलली, आणि क्लोन्सच्या झोपड्यांतील मागणी ओसरली.

आता गोदावरीच्या काठी येऊ. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी ही नदी आंध्रात अनेक मुखांनी समुद्राला मिळते. त्यांतील एका मुखाजवळ नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरच्या बायकांनी या भागातील गरीब स्त्रियांना, आरंभी बहुधा दलित वस्त्यांतून धर्मांतर केलेल्यांना, लेस करावयास शिकविले. पुढे ते काम घराबाहेर पडण्याची चाल नसलेल्या कापू जातीच्या बायकांतही पसरले. शेतात राबणे कमीपणाचे, पण ओसरीवर बसून लेस करणे कुलीनपणाचे, अशी समजूत पडली. व्यापाऱ्याला ही समजूत फार सोयीची होती.

मारिया मीस या जर्मन विदुषीने नरसापूरच्या लेसवाल्या बायकांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. आम्हांला ते एका ग्रंथालयात मिळाले आणि शब्दकोश शेजारी ठेवून आम्ही ते वाचले. क्लोन्सचीच मांडणी येथे पुन्हा भेटते. दोरा व्यापाऱ्याचा, दलाल दोरा देणार आणि माल नेणार. फुले करणाऱ्या बायका एकीकडे, जोडणाऱ्या दुसरीकडे. माल युरोप-अमेरिकेत जाणार आणि निर्यातदार सगळे पुरुष. बाई घरचे सगळे उरकून दिवसाचे सहा ते आठ तास लेस करीत असे. पण विचारले तर ती स्वतःला मजूर म्हणत नसे. आपण गृहिणी आहोत, रिकाम्या वेळात थोडे विणतो, असे म्हणे. तिचा नवराही तेच म्हणे, व्यापारीही तेच म्हणे. आणि रिकाम्या वेळाला किमान वेतन कोणी द्यावे?

हे वाचले तेव्हा आम्हांला बिडीवाल्या बाया आठवल्या. एका गावी आम्ही घरोघर नोंदणी करीत होतो. एक वयस्क बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती, पानात तंबाखू भरत होती. मावशी, काम काय करता, असे विचारले. ती म्हणाली, "काही नाही बाबा, घरीच असते." हात थांबले नव्हते. त्या दिवशी तिच्या हजारातल्या किती बिड्या छाट म्हणून मुकादमाने बाजूला काढल्या होत्या, याचा आकडा मात्र तिला तोंडपाठ होता. बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा आम्हांला म्हणूनच मोठा वाटतो. कच्चा माल घरी आणून बिड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच, असे त्याने लिहून दिले. मालकांनी तक्रार नेली, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. बिडीला जे मिळाले ते क्रोशाला मिळाले नाही, कारण बिडीवाल्या बाया आधी रस्त्यावर आल्या होत्या.

अहमदाबादेत १९७२ साली इला भट यांनी ‘सेवा’ची नोंदणी करावयास घेतली, तेव्हा या बायकांना मालकच नाही, तर युनियन कोणाविरुद्ध काढता, असा आक्षेप सरकारी खात्याने घेतला होता. युनियन सभासदांसाठी असते, कोणाविरुद्ध असलीच पाहिजे असे नाही, हे पटवून द्यावे लागले. नोंदणी झाली, आणि घरी बसून काम करणाऱ्यांचा प्रश्न पुढे जगाच्या पेठेत नेण्यात सेवेचा मोठा वाटा होता.

आता आपल्या पेठेतील त्या टॉपकडे वळू. तो हाताचा की यंत्राचा, हे ओळखता येते. यंत्राच्या जाळीत साखळ्या लांबच लांब एकाच दिशेने धावतात. मध्यापासून गोल गोल वाढत गेलेले, एकेक खांब मोजता यावा असे फूल दिसले, तर समजा की ते हाताचे आहे. मग हिशेब करून पाहा. समजा अशा पोलक्याला ४० तास लागले आणि दुकानात ते १,२०० रुपयांना मिळाले. सूत फुकट आले, वाहतूक फुकट झाली, दुकानदाराने आणि दलालाने एक पैसाही घेतला नाही, असे धरले तरी बाईच्या वाट्याला तासाला ३० रुपये येतात. दलाल उपाशी राहतो असे आमच्या पाहण्यात नाही. घरातल्या कोणाकडून असे पोलके करवून घेतलेत तर घड्याळ लावून तास लिहून ठेवा. आमचे ४० तास चुकीचे निघाले तर आम्हांला कळवा. कमी निघतील असे आम्हांला वाटत नाही.

नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले, दुसऱ्या गावच्या मालाला आता ते नाव लावता येणार नाही. मानांकनाने नाव राखले जाते. फुलामागे किती पैसे द्यावयाचे हे त्यात ठरत नाही. ते ठरविण्याचा रस्ता निराळा आहे. घरी बसून काम करणाऱ्याला इतर मजुरांच्या बरोबरीने वागविले पाहिजे, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली मंजूर केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. करार अंमलात येण्यास दोन देशांची मान्यता लागत होती. पहिली फिनलंडने १९९८ मध्ये दिली. दुसरी १९९९ च्या एप्रिलमध्ये आली, आणि तिच्यामुळे पुढच्या वर्षी करार लागू झाला. ती देणारा देश आयर्लंड.