बेताच्या बजेटमध्ये भरवशाचं पिस्तूल: शहापूर-मुरबाडच्या कुटुंबांसाठी माहिती

गावाबाहेर शेतात घर आहे. आजूबाजूला वस्ती नाही. किंवा हायवेला हॉटेल आहे, रात्री अकरा-बाराला गल्ला घेऊन घरी यावं लागतं. कुणाचा पोल्ट्रीचा धंदा आहे, कुणाचं आसनगाव-वासिंदला दुकान. अशा घरांत कधी ना कधी हा विषय निघतोच: "एक पिस्तूल घेऊन ठेवू या का?" कोणतं घ्यावं, किती पैसे लागतात, परवाना मिळतो का, याबद्दल ऐकीव माहिती भरपूर आहे आणि त्यात चुकीची जास्त. म्हणून कायदा, खर्च आणि पिस्तुलाची पारख या तिन्ही गोष्टी आम्ही इथे एकत्र देत आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्या देशात आधी पिस्तूल पसंत करून मग परवाना काढता येत नाही. परवाना हातात आल्याशिवाय कोणताही अधिकृत दुकानदार आपल्याला हत्यार विकू शकत नाही. जो विकायला तयार होतो, तो आपल्याला जेलच्या दारात नेऊन उभा करतो.

परवाना कुठे आणि कसा?

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात. त्यामुळे इथल्या रहिवाशांना परवाना देण्याचा अधिकार ठाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कल्याण किंवा भिवंडी शहरातले नातेवाईक पोलीस आयुक्तालयात अर्ज करतात, ते ऐकून आपल्याकडचे लोकही तिकडे चकरा मारतात. तसं करू नका. आपण जिथे राहतो तिथलंच कार्यालय आपलं.

शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 हे दोन मुख्य कायदे. अर्जदाराचं वय किमान 21 वर्षं हवं. अर्जासोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचं शारीरिक व मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र आणि हत्यार घरी सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी लागते. हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही नियमांत सांगितलेलं आहे. अर्ज गेल्यावर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते: गुन्हे दाखल आहेत का, शेजाऱ्यांशी भांडणं आहेत का, खरोखर धोका आहे का.

इथे बहुतेक अर्ज अडतात. "सगळीकडे चोऱ्या वाढल्यात" एवढं कारण पुरत नाही. आपल्याला स्वतःला काय धोका आहे, हे कागदावर दाखवावं लागतं. पूर्वी चोरी झाली असेल तर एफआयआरची प्रत, धमकी आली असेल तर दिलेली तक्रार, रोकड न्यावी लागत असेल तर धंद्याची कागदपत्रं. म्हणून घटना घडल्यावर "जाऊ दे, कशाला पोलिसांत जायचं" असं म्हणू नका. आज न दिलेली तक्रार उद्या पुरावा म्हणून मिळत नाही.

कायद्यातली एक तरतूद साध्या घरांनी लक्षात ठेवावी. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, फक्त एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 14 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. परवाना नाकारला तर कारणं लेखी मागा आणि मुदतीत अपील करा. "मी करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला मात्र पैसे देऊ नका.

2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात.

कोणतं पिस्तूल मिळू शकतं?

सिनेमात दिसणारं 9 मि.मी. पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. तो बोअर प्रतिबंधित आहे. .45 चंही तसंच. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल म्हटलं की व्यवहारात .32 बोअर, म्हणजे 7.65 मि.मी., हाच पर्याय उरतो.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते. त्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये येतं. दुसऱ्या गोळीसाठी ट्रिगर पुन्हा दाबावा लागतो.

सरकारी कारखान्यांत तयार होणारं .32 चं 'अशनी' हे पिस्तूल आपल्याकडे बऱ्याच परवानाधारकांकडे दिसतं. पूर्वीच्या ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाची 1 ऑक्टोबर 2021 पासून सात कंपन्यांत विभागणी झाली. रायफली, पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर बनवणारे कारखाने त्यातल्या कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आले. याच कारखान्यांची 'निर्भीक' आणि 'प्रबल' ही नावंही कानावर येतील, पण ती दोन्ही पिस्तुलं नव्हेत, .32 ची रिव्हॉल्व्हर आहेत.

परदेशी पिस्तुलांचा मोह टाळलेला बरा. सामान्य परवानाधारकासाठी आयात 1980 च्या दशकापासून बंद आहे. बाजारात फिरतात ती जुनी, दोन-तीन हात बदललेली हत्यारं. नावामुळे किंमत कित्येक पट आणि सुटे भाग मिळायची मारामार. बेताच्या बजेटवाल्याचा हा रस्ता नाही.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

आमचं मत स्पष्ट आहे. जो नियमित सराव करणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हरचा विचार आधी करावा. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा ट्रिगर दाबला की पुढचं येतं. पिस्तुलात काडतूस अडकलं तर स्लाइड मागे ओढून ते काढावं लागतं. रात्री, अंधारात, घाबरलेल्या हातांनी हे जमायला सराव लागतो. पिस्तूल चपटं असतं, जवळ बाळगायला सोपं असतं, मॅगझिन पटकन बदलता येतं, हे त्याचे फायदे. पण सराव नसेल तर ते कामाला येत नाहीत.

आणि एक चूक अजिबात करू नका. .32 चं पिस्तूल आणि .32 चं रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगवेगळी असतात. बोअर सारखा दिसला म्हणून एकाची काडतुसं दुसऱ्यासाठी घेऊ नका.

खर्चाचा हिशेब

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 40 टक्के झाला आहे. समजा मूळ किंमत 1 लाख रुपये आहे. आधी करासह 1 लाख 28 हजार पडत होते, आता 1 लाख 40 हजार पडतात. म्हणजे नुसत्या करातच 12 हजारांची वाढ. जुनी किंमत ऐकून निघू नका. दुकानदाराकडून करासह आजचं कोटेशन लेखी घ्या.

त्यावर परवान्याची फी, प्रशिक्षण, घरात बसवायची लोखंडी तिजोरी, काडतुसं, साफसफाईचं सामान आणि सराव हा खर्च वेगळा. सगळे पैसे पिस्तुलात घालून तिजोरीला पैसे उरत नसतील, तर ते पिस्तूल आपल्या बजेटमधलं नाही, असंच समजा.

दुकानात काय तपासायचं?

जाणकार माणूस सोबत न्या आणि घाई करू नका.

1. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री आधी स्वतः करा. पहिल्यांदा मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा. हाच क्रम ठेवा. आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलं, तर चेंबरमध्ये नवं काडतूस येऊन बसलेलं असतं. रिकामं समजलेल्या हत्याराने झालेले कित्येक अपघात असेच होतात.
2. स्लाइड न अडखळता मागे-पुढे जाते का?
3. मॅगझिन बसताना नीट आवाज येतो का, बटण दाबल्यावर सहज निघतं का? मॅगझिनच्या वरच्या कडा वाकलेल्या नकोत, स्प्रिंग ढिली नको. काडतूस अडकण्याच्या पुष्कळ तक्रारी मॅगझिनमुळेच असतात. म्हणून कंपनीचं जादा मॅगझिन मिळत असेल तर घ्या.
4. सेफ्टी लावल्यावर ट्रिगर चालत नाही ना?
5. नळी आतून स्वच्छ, चकचकीत आहे का? खड्डे किंवा गंज दिसला तर सोडून द्या.
6. हत्यारावरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावर होणारी नोंद, तिन्ही अक्षर न् अक्षर जुळतात का?
7. पकड आपल्या हाताला बसते का? स्लाइड ओढायला जोर लागतो. साठीतल्या माणसाने हे करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वापरलेलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाकडून घेता येतं, पण त्यालाही रीत आहे. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावं लागतं. "आधी घेऊन जा, कागद नंतर करू" हा सौदा नको.

आपल्याकडचा पाऊस आणि पिस्तूल

शहापूर-मुरबाडचा पावसाळा लोखंडाचा दुश्मन आहे. पिस्तूल चामडी कव्हरमध्ये ठेवून तिजोरीत टाकू नका. चामडं ओल धरतं आणि गंज चढतो. कोरड्या कपड्याने पुसून, बंदुकीच्या तेलाचा पातळ हात देऊन ठेवा. खोबरेल तेल लावू नका, ते चिकट होतं. काडतुसांना मात्र तेल लागू देऊ नका. ती वेगळ्या कोरड्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवा.

परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा. परवाना अब्बांच्या नावावर असेल तर मुलगा ते पिस्तूल कमरेला लावून बाहेर जाऊ शकत नाही, धाकट्या भावाला "जरा बघ" म्हणून देता येत नाही. हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात, आणि चाव्या परवानाधारकाकडेच. कपाटातल्या कपड्यांखाली किंवा उशीखाली ठेवलेलं पिस्तूल मुलांना सापडतंच.

परवानाधारकाचा इंतकाल झाला तर घरात ठेवलेलं तेच हत्यार बेकायदा ठरू शकतं. दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात राहत नाही. हत्यार लगेच पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मग वारस आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करू शकतो. हयातीतही, वय 70 झाल्यावर किंवा हत्यार 25 वर्षं बाळगल्यावर, ते वारसाला देण्यासाठी अर्ज करण्याची सोय 2016 च्या नियमांत आहे.

लग्नात हवेत गोळीबार करणं हा 2019 पासून वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरात आपली असो की मित्राची, हत्यार घरी कुलपात राहू द्या.

"स्वस्तात मिळतंय" म्हणून गावठी कट्टा?

तरुण मुलांसाठी हे मुद्दाम लिहितो आहोत. काही हजारांत गावठी कट्टा मिळतो, मोबाइलवर फोटो टाकायला बरा वाटतो. पण विनापरवाना साधं हत्यार बाळगल्यास आता किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दंड वेगळा. मित्राने "दोन दिवस ठेव" म्हणून दिलेलं असलं तरी सापडेल त्याच्यावरच गुन्हा नोंदतो. नोकरी, पासपोर्ट, बहिणीचं स्थळ, सगळं त्या एका केसमध्ये अडकतं. शिवाय कट्ट्याची नळी कशाची, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. हातातच फुटला तर बोटं जातात.

नेमबाजीची खरी आवड असेल तर .177 बोअरची, 20 ज्यूलपेक्षा कमी शक्तीची एअर पिस्तूल परवान्याशिवाय मिळते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. मुलांना रायफल क्लबचा रस्ता दाखवा.

घेण्याआधी स्वतःला विचारा

बिबट्या किंवा रानडुकरांसाठी पिस्तूल हवं असेल तर थांबा. ते त्यासाठी नाही, आणि वन्यप्राण्यावर गोळी झाडणं म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ओढवून घेणं. वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. शेतघराच्या राखणीचाच प्रश्न असेल तर 12 बोअरच्या बंदुकीची चौकशी करा. लांब नळीच्या अशा बंदुकीबाबत कायद्याची भूमिका पिस्तुलापेक्षा सौम्य आहे.

आणि चोरीचीच भीती असेल तर आधी पक्की कडी-कुलपं, अंगणात दिवा, कॅमेरा, रोकड रोजच्या रोज बँकेत आणि शेजाऱ्यांशी फोनची साखळी. संकटात 112. एवढं करूनही धोका उरतो, कागदावर दाखवता येतो आणि सराव करायची तयारी आहे, तर परवान्याचा अर्ज जरूर करा. मग निवडलेलं साधं देशी .32 भरवशाचं ठरेल. हत्यार ही अमानत आहे. ती सांभाळायची तयारी नसेल, तर न घेणं हाही शहाणपणाचाच निर्णय आहे.