चार पट्ट्यांवरचा गोवा

चित्रपटसंगीतात जॅझ कुणी आणला, असे विचारले की आपल्याकडे सी. रामचंद्र यांचे नाव निघते आणि 'अलबेला'ची (१९५१) आठवण होते. त्या गाण्यांमागे ट्रम्पेट घेऊन उभा असलेला गोमंतकीय वादक चिक चॉकलेट मात्र सहसा कुणाला आठवत नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांचीही हीच कथा. चर्चच्या संगीतशाळांनी गोव्यातील मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली आणि त्या विद्येवर मुंबईच्या स्टुडिओंत वाद्यमेळ उभे राहिले. स्वरलेखन गोमंतकीयांचे असे, पण गाणे दुसऱ्याच्या नावावर जाई.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर रेमो फर्नांडिस यांच्या 'गोअन क्रेझी' (१९८४) या ध्वनिफितीचे मोल कळते. रेमो मूळचे शिवोलीचे. त्यांनी मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि नंतर युरोपात भटकंती केली. मुंबईतील कंपन्यांनी नकार दिल्यावर त्यांनी घरीच चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर ध्वनिमुद्रण केले. शब्द, चाल, सर्व वाद्ये, सर्व आवाज, इतकेच काय, वेष्टनाचे चित्रही त्यांचेच होते. कॅसेटी दुकानांत पोचवण्यासाठी ते स्वतः स्कूटरवरून गोवाभर हिंडले.

अशा यंत्रात तीन पट्ट्या भरल्या की त्या चौथीवर एकत्र करायच्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचे वाद्य चढवायचे. दर फेरीला फितीची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र केलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. त्यामुळे कोणते वाद्य किती मोठे ठेवायचे, हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. मोठ्या स्टुडिओतील सफाई अशा ध्वनिफितीत शोधू नये. तिथे कानावर पडतो तो सबंध वाद्यवृंदाचे काम करणारा एकच माणूस.

ही गाणी इंग्रजीत होती, म्हणून ती 'आपली' नव्हेत, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच पोकळ नाही. गोव्यात त्याच दशकात कोकणी-मराठीचा वाद पेटला होता आणि १९८७ साली राजभाषा कायदा संमत झाला. तरीही १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या भूमीतील एका पिढीची घडणच पॉप, रॉक, जॅझ आणि मांडो यांच्या मिश्रणातून झाली होती. ते मिश्रण लपवणे हीच खरी लबाडी ठरली असती. शिवाय पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड'मधून रेमो जुन्या गोमंतकीय गाण्यांकडे वळले.

पुढे मोठ्या कंपन्या आल्या, हिंदी चित्रपट आले आणि २००७ साली पद्मश्रीही आली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते ती घरी केलेली कॅसेट. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची गाणी सजवणाऱ्या समाजातील एका कलावंताने तिच्यावर केवळ स्वतःचे नाव घातले.